यमुनाक्काची कोठी

विमानाच्या दारात उभी राहून यमुनाक्का प्रत्येकाला हसून नमस्कार करायची, आणि नमस्कार करता करताच आज कोण त्रास देणार हे हेरून ठेवायची. शेवटचा माणूस शिडी चढून आत येईपर्यंत तिचा अंदाज पक्का झालेला असे. मग दार लागायच्या आधी माझ्या कानाशी येऊन ती म्हणायची, "खिडकीजवळचा तो चष्मेवाला बघ. रुसणार आहे."

भांडणार, ओरडणार, धिंगाणा घालणार असले शब्द तिच्या तोंडी नव्हते. मुंबईला दारूबंदी म्हणून बंगळूरलाच पोटभर पिऊन चढलेला मनुष्य असो, नाहीतर जागा बदलून द्या म्हणून हट्टाला पेटलेला सरकारी साहेब असो, यमुनाक्काच्या लेखी ते सगळे रुसलेले. आणि रुसलेल्या माणसाचं काय करायचं हे तिला ठाऊक होतं.

वडिलांची पुण्याहून बंगळूरला बदली झाली आणि मी कॉलेज संपवून विमानकंपनीत हवाईसुंदरी म्हणून लागले, ती साठ सालाच्या आसपासची गोष्ट. हवाईसुंदरी हा शब्द वर्तमानपत्रवाल्यांनी काढलेला. आमच्या कामात सुंदर असं फारसं काही नव्हतं. कान दडू नयेत म्हणून चघळायच्या गोळ्यांचं ताट फिरवायचं, कानात घालायला कापूस द्यायचा, कॉफी द्यायची, कुणी ओकलं तर कागदी पिशवी उचलायची आणि या सगळ्यात साडीची निरी हलू द्यायची नाही. मला शिकवायला म्हणून यमुनाक्काच्या हाताखाली दिलं होतं. ती माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, ठेंगणी, अंगाने भरलेली. तिचं नाक मात्र लांब आणि सरळ होतं. त्या नाकामुळे ती गप्प बसली तरी आपल्याला काहीतरी विचारते आहे असं वाटे.

पहिल्या दिवशी मी तिला अहो-जाहो करायला लागले तर ती चिडली. "अक्का म्हणतीस नि वर तुम्ही काय गं? मी काय तुझी सासू आहे?" तेव्हापासून तू.

तिचं घराणं बंगळूरच्या जुन्या बाजारपेठेतलं, चिकपेटेतलं. कुठल्या काळी, कुणाच्या फौजेबरोबर मराठी मुलखातून खाली उतरलेले हे लोक, घरात मराठी आणि दुकानात कन्नड बोलत तिथेच रुजले होते. तिचं मराठी ऐकून सुरुवातीला मला हसू आवरत नसे. थोडं थांबला 'स्वल्प थांब' म्हणायची, बरंला 'सरी' म्हणायची. ती माझ्या मराठीला हसायची. म्हणायची, "तुझं मराठी इस्त्री केलेलं आहे बघ मालू. बसलं की चुरगळतं." माझ्या घरी हे सांगितल्यावर आई दोन दिवस धुसफुसत होती.

कंपनीची कॉफी ती कधी प्यायली नाही. लोकांना मात्र अशा कौतुकाने द्यायची की जणू स्वतःच्या चुलीवर केली असावी. तिच्या पर्समध्ये लिंबू आणि लहान सुरी कायम असे. डकोटा विमान हवेत गचके खायला लागलं की एकेकाला लिंबाची फोड हुंगायला देत ती ओळीतून फिरायची. उष्टे ट्रे गोळा करायची वेळ आली की मला बाजूला सारून स्वतः पुढे व्हायची. मला वाटे, माझ्यावर माया म्हणून करते. तसं ते होतंही, पण त्याला दुसरी बाजू होती, ती पुढे कळली.

आता तिच्या विद्येबद्दल. ती विद्या तिने कंपनीच्या शिकवणीत मिळवलेली नव्हती, ती चिकपेटेतल्या लग्नांतली होती.

त्यांच्या घरी लग्न निघालं की आधी नावं निघत ती रुसणाऱ्यांची. कुठला काका मानपानावरून उठून जाईल, कुठल्या मामाला जेवणात खोट दिसेल. त्यांतला जो सगळ्यांत भारी असेल त्याच्या हातात घरची बाई मांडव घालायच्या दिवशीच कोठीची किल्ली ठेवायची. तांदूळ, गूळ, तूप, नारळ, सगळं त्याच्या ताब्यात. आचारी त्याच्याकडे मागणार, तो मोजून देणार. एकदा किल्ली कमरेला लागली की त्या माणसाला रुसायला सवडच उरत नसे, उलट रुसलेल्या दुसऱ्या कुणाला तोच जाऊन ओढून आणायचा. याला एक नियम होता. कोठीवाल्याने सगळ्या पंगती उठेपर्यंत जेवायचं नाही. त्याचं पान सगळ्यांत शेवटी, आणि ते वाढायचं घरच्या लेकीने. त्या पानाला नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं तर मांडवाचा अपमान.

यमुनाक्काने ही कोठी विमानात आणली होती.

चिकमगळूरकडचा एक कॉफीमळेवाला होता. आडवातिडवा, मिशाळ, नेहमीचा प्रवासी. विमान उशिरा सुटलं की तो वैमानिकाला भेटायचंय म्हणून पुढे चालू लागे, आणि त्याला अडवायला गेलेल्या आमच्या फ्रान्सिसची गचांडी धरी. फ्रान्सिस म्हणजे आमच्याबरोबरचा स्ट्यूअर्ड, व्हाइटफील्डच्या अँग्लो-इंडियन वस्तीतला, काटकुळा आणि सज्जन. एकदा असाच प्रकार चालू असताना यमुनाक्काने त्या गृहस्थांच्या हातात कुणाचं तरी तान्हं मूल दिलं. त्या मुलाची आई ओकून ओकून अर्धमेली झाली होती, आणि अक्काला तिच्याकडे बघायचं होतं. "अण्णा, स्वल्प धरा, मला हात दोनच आहेत," एवढं म्हणून ती निघूनही गेली. मद्रास येईपर्यंत ते मूल त्यांच्या मिशा ओढत होतं आणि ते हलले नाहीत. सगळ्यांचं खाणं झाल्यावर अक्काने त्यांना स्वतःच्या हाताने सँडविच आणि कॉफी नेऊन दिली. पुढे ते चढले की दारातच विचारायचे, आज माझ्याकडे काय काम आहे?

हे बघून मलाही चेव आला. एका कटकट्या वकिलांना मी वर्तमानपत्रं वाटायला दिली. ते सगळी वर्तमानपत्रं मांडीवर घेऊन बसले आणि एकेक करून वाचत राहिले. कुणी मागितलं तर त्याच्यावर डाफरत. मी रडकुंडीला आले. अक्का मागच्या पडद्याआड तोंडाला पदर लावून हसत होती. मग म्हणाली, "पत्रं वाटायला तू होतीस की. त्याला ते कळलं. काम खरं पाहिजे मालू. खोटं काम दिलं की माणूस जास्तच रुसतो."

एवढं सगळं माहीत असलेल्या बाईच्या घरी मात्र एक रुसवा वर्षानुवर्षं तसाच पडून होता.

तिचे वडील, रंगण्णा, चिकपेटेतले साड्यांचे ठोक व्यापारी. नात्यागोत्यात रुसण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता, त्यामुळे प्रत्येक लग्नात किल्ली त्यांच्याकडेच. ती घेताना ते तोंड वाकडं करत, आणि कमरेला लावली रे लावली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पानं किती?" हे सांगताना अक्का त्यांचा आवाज काढायची आणि हसायची. पण तिने विमानातली नोकरी धरली तेव्हा या रंगण्णांनी भर घरात सांगितलं होतं की परक्यांची उष्टी काढणाऱ्या मुलीच्या हातचं पाणी मी पिणार नाही. ती त्याच दिवशी बसवनगुडीला मावशीकडे राहायला गेली. त्यानंतर बापलेकीत शब्द नाही. उष्टे ट्रे ती मला का उचलू देत नसे, ते हे ऐकल्यावर मला कळलं.

अक्काची आई मात्र दर शुक्रवारी बनशंकरीला यायची. तेव्हा बनशंकरी गावाबाहेर होती, शेतांमधून बस जायची आणि देवळाशी उतरल्यावर पुढे रान. घरी सांगायचं देवीला जाते, आणि देवळाच्या ओवरीत लेकीला जेवू घालायचं. मी दोनदा गेले होते अक्काबरोबर. त्या माउलीने डब्यातून हुळीभात, म्हणजे त्यांच्याकडचा आंबट सांबारभात, आणलेला असायचा, वर पळीभर तूप. लेक जेवत असे आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवत असे. अक्का विचारायची, "अण्णा कसे आहेत?" आई म्हणायची, "आहेत की. रुसलेत." यापलीकडे तो विषय जात नसे. परतताना बसमध्ये अक्का खिडकीबाहेर बघत बसायची.

मी एकदा विचारलं होतं, सगळ्यांना कोठी देतेस, अण्णांना का नाही देत? ती म्हणाली, "त्यांना देण्याजोगं माझ्याकडे काय आहे गं?"

आणि मग तो दिवस आला. मुंबईचं विमान, नवं व्हायकाउंट. त्या दिवशी ड्यूटी माझी आणि दुसऱ्या एका मुलीची होती. तिला ताप आला म्हणून ऐनवेळी यमुनाक्काला बोलावलं. सकाळची वेळ, विमान भरलेलं. ती दारात नमस्कार करत होती तोवर कुणाचं तरी सामान अडकलं म्हणून शेपटाकडे गेली, आणि नेमक्या त्याच वेळी रंगण्णा चढले. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, हातात छत्री. मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. पण नाक पाहिलं आणि ओळखलं.

मागाहून समजलं ते असं. त्यांचा पाठचा भाऊ मुंबईच्या इस्पितळात अत्यवस्थ होता, दुसऱ्या दिवशी त्याचं मोठं ऑपरेशन होतं, आणि त्याआधी थोरल्या भावाला बघायचंय असा त्याने ध्यास घेतला होता. आगगाडीने पोचणं शक्य नव्हतं. विमानात मुलगी नाही अशी पुतण्याकरवी चौकशी करून घेऊन मगच रंगण्णा जन्मात पहिल्यांदा विमानात बसले होते. काकांचं दुखणं आईकडून अक्काच्याही कानावर आलेलं होतं.

दार लागलं, पंखे फिरू लागले, विमान हळूहळू सरकायला लागलं. यमुनाक्का गोळ्यांचं ताट घेऊन पडद्यातून बाहेर आली आणि चार पावलांवर थबकली. रंगण्णांनी तिला पाहिलं. ते उठून उभेच राहिले. वरच्या फळीवरची पिशवी ओढून काढली आणि मला उतरायचंय, दार उघडा, असं कन्नडमध्ये म्हणत दाराकडे चालू लागले. फ्रान्सिस आडवा गेला. त्यांनी छत्रीने त्याला ढकललं, तो अक्कावर आदळला आणि ताटातल्या गोळ्या सगळीकडे उधळल्या. फ्रान्सिसचं मनगट खुर्चीच्या कडेवर असं आपटलं की तो खालीच बसला. एक लष्करी गृहस्थ, या म्हाताऱ्याला बांधून ठेवा, असं इंग्रजीत ओरडायला लागले. आणि रंगण्णांचा हात दाराच्या कडीवर गेला.

विमान थांबलं. आमचा कप्तान तरुण आणि तापट होता. त्याने आतून निरोप धाडला की परत फिरतोय, या माणसाला उतरवून पोलिसांच्या हवाली करणार. अक्का आत गेली. तिने काय सांगितलं कोण जाणे, पण बाहेर आली तेव्हा तिला थोडा अवधी मिळालेला होता. विमान परत फिरलं असतं तर रंगण्णांना भाऊ बहुधा दिसलाच नसता, आणि तो दिसला नाही याचं कारण मुलगी झाली असती. मग हा रुसवा जन्मभर फिटायचा नव्हता.

ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. हात जोडले नाहीत, रडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "अण्णा, काका तिथे वाट बघताहेत. माझ्या हातचं नको तर नको, सरी. पण फ्रान्सिसचा हात दुखावला, ही पोरगी एकटी, नि माणसं इतकी बसलीत. वाढायला कुणी नाही. कोठी तुम्ही सांभाळा."

आणि तिने भरलेलं दुसरं ताट त्यांच्यापुढे धरलं.

म्हाताऱ्याचा हात कडीवर तसाच. त्यांनी खाली सांडलेल्या गोळ्यांकडे पाहिलं. एवढा माल असा पायदळी गेलेला त्यांना बघवेना, हे चेहऱ्यावर दिसत होतं. फ्रान्सिसकडे पाहिलं. मुलीकडे पाहिलं नाही. पण कडीवरचा हात सुटला, ताटाच्या कडेला लागला, आणि घोगऱ्या आवाजात त्यांनी विचारलं, "पानं किती?"

अक्काने आकडा सांगितला. तिचा आवाज त्या आकड्यावर फुटला.

मग रंगण्णांनी गोळ्या वाटल्या. माणशी एक. लष्करी गृहस्थांनी दोन उचलल्या तर एक परत ताटात ठेवायला लावली. लहान मुलांना मात्र कोटाच्या आडून जास्तीची सरकवली. कापूस दिला, तोही चिमटीने तोलून. वाटून झाल्यावर बसले, अक्काने सांगायच्या आत पट्टा बांधून घेतला, आणि शेजाऱ्यालाही बांधायला लावला. विमान उडालं.

जेवणाचे ट्रे आले तेव्हा मी त्यांच्यापुढे ट्रे नेला. त्यांनी मला हातानेच थांबवलं. कोठीवाला आधी जेवत नाही. मीही विसरले होते, ते विसरले नव्हते. उठून ओळीतून एक फेरी मारून सगळ्यांच्या पुढ्यात पोचलं का ते बघून आले. लोक जेवले. मी ट्रे गोळा केले, त्या दिवशी मीच. आणि सगळ्यांत शेवटी यमुनाक्का एक ट्रे घेऊन त्यांच्याकडे गेली. लेकीने वाढलेलं पान. नाही म्हणता येत नाही असं पान.

किल्ली घेतली तेव्हाच त्यांना हे कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. माणूस मुरलेला कोठीवाला होता.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि जेवायला लागले. ती शेजारी उभीच. अर्धं जेवण झाल्यावर ते म्हणाले, "मीठ कमी आहे."

'पानं किती' हे कोठीवाल्याचं बोलणं, बापाने लेकीशी बोललेला इतक्या वर्षांनंतरचा पहिला शब्द हा. "हो अण्णा," ती म्हणाली आणि मीठ आणायला पडद्याआड आली. तिथे माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती अशी रडली की माझा पदर ओला झाला. मग तोंड पुसलं, मीठ घेतलं आणि गेली. पाणीही तिनेच दिलं. ते प्यायले.

भावाची भेट झाली. ऑपरेशन पार पडलं, काका वाचले. परतल्यावर रंगण्णांनी बायकोला सांगितलं म्हणे की शुक्रवारी एवढ्या लांब बसने जायचं काही कारण नाही, देवी घरीही जेवायला येऊ शकते. म्हणजे ओवरीतल्या त्या जेवणाचा त्यांना पहिल्यापासून पत्ता होता. अक्का चिकपेटेत राहायला गेली.

पुढची वर्षं भराभर गेली. वय झालं की हवाईसुंदरीला घरी बसवायचं हा कंपनीचा नियम तिच्यापर्यंत आला. निरोपाच्या चहाला तिने सगळ्यांची थट्टा केली आणि कंपनीची कॉफी त्या दिवशीही प्यायली नाही. मग आई गेली. मग दोन-तीन वर्षांनी रंगण्णाही गेले. शेवटी त्यांना भरवायला तीच होती, आणि रोज मीठ कमी असे.

साठचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मुंबईच्या विमानाच्या दारात मी नमस्कार करत उभी होते आणि शिडीवरून ती वर आली. पांढरी साडी, काखेत पिशवी. दुकान चुलतभावांनी घेतलं होतं, ती कायमची मुंबईला काका-काकूंकडे निघाली होती. मी मिठीच मारणार होते, पण ती मला ओलांडून आत गेली आणि जागेवर बसली. जन्मात पहिल्यांदा प्रवासी म्हणून.

बसल्याबरोबर तिने घंटी वाजवली. पडदा वाकडा आहे. पुन्हा वाजवली. खुर्चीचा पट्टा मळका आहे. पुन्हा वाजवली, ही नवी पोरगी नमस्कार करताना लोकांच्या तोंडाकडे बघत नाही, तिला काय शिकवलंस? शेजारच्या बाईंशी तिने खिडकीवरून वाद घातला. नवी मुलगी घाबरून माझ्याकडे आली आणि म्हणाली, त्या बाई फारच भांडखोर आहेत. मी म्हटलं, भांडखोर नाहीत, रुसल्या आहेत.

खरंच त्या दिवशी आम्ही एकीने कमी होतो. मी गोळ्यांचं ताट भरलं आणि तिच्यापुढे नेऊन धरलं. म्हटलं, "अक्का, माझी तारांबळ उडालीय. कोठी तू सांभाळ."

तिने वर पाहिलं. ते लांब नाक लाल झालं होतं, डोळे भरले होते. मला वाटलं, आता हसेल, नाहीतर चिडेल, आपलीच युक्ती आपल्यावर म्हणून. तिने दोन्ही हातांनी ताट घेतलं, पिशवी माझ्याकडे दिली आणि उभी राहिली.

"पानं किती?" तिने विचारलं.

मी सांगितलं. ती वाटत गेली. शेजारच्या बाईंना पहिली गोळी, मग पुढची ओळ, मग तिच्या पुढची. मी मागून बघत होते. साडीची निरी जराही हलत नव्हती. त्या दिवशी सगळ्यांची जेवणं उरकल्यावर शेवटचा ट्रे मी नेला, मीठ जास्तीचं ठेवून.